कोठडीतला माणूस आजारी पडला किंवा दगावला, तर घरच्यांना कळवायचे कोणी आणि कधी? (सोलापूर)

यंत्रमागवाला

नमस्कार. हा धागा काढावा की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. शेवटी पत्नी म्हणाली की आपल्याला जे कोणी सांगितले नाही, ते निदान विचारून तरी घ्या.

माझा मेहुणा एका फौजदारी प्रकरणात न्यायालयीन कोठडीत होता. खटला उभा राहिला नव्हता, त्यामुळे कारागृहाच्या भाषेत तो न्यायाधीन बंदी होता. त्याला सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या एका कारागृहात ठेवले होते. चौकशी चालू असल्यामुळे त्या कारागृहाचे नाव मी येथे लिहिणार नाही, आणि कृपया कोणी विचारूही नये. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास एक पोलीस शिपाई कुचन नगरमधील माझ्या सासूबाईंच्या भाड्याच्या खोलीवर गेला. सासूबाई दोन वर्षांपूर्वीच ती खोली सोडून कुंभारीच्या विडी घरकुलात राहायला गेल्या होत्या. जुन्या घरमालकिणीने आपल्या मुलाला मोटारसायकलवर पाठवले, आणि त्या सोळा वर्षांच्या पोराने दारात उभे राहून, पायातली चप्पलही न काढता, सासूबाईंना तेलुगूत सांगितले की तुमचा मुलगा गेला, पोलीस येऊन गेले. सासूबाईंच्या मांडीवर तेव्हा विड्यांचे सूप होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या शिपायाला जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता, त्याने मला चहासुद्धा विचारला. त्याच्याकडे घडी घातलेला एक कागद होता आणि त्यावर इतकेच होते: ‘सदर बंदी उपचारादरम्यान मयत झाला असून त्याच्या नातेवाइकांना कळवून तसा अहवाल सादर करावा.’ कोणत्या रुग्णालयात, कधीपासून, कशाने, यातले त्यालाही काही ठाऊक नव्हते. ‘उपचारादरम्यान’ या एका शब्दावर आम्ही घरी कितीतरी रात्री बोलत बसलो आहोत. उपचार चालू होते, म्हणजे तो आजारी होता, आणि तो आजारी आहे हे कोणाला तरी ठाऊक होते.

त्याच आठवड्यात, मृत्यूच्या चार दिवस आधी, मंगळवारी, पत्नी मुलाखतीला, म्हणजे कारागृहात त्याला भेटायला, गेली होती. खिडकीवरून तिला ‘आज मुलाखत होणार नाही, पुढच्या आठवड्यात या’ एवढेच सांगितले गेले. कारण विचारायला ती थांबली, तर मागच्या रांगेतली माणसे ‘ताई, पुढे सरका’ म्हणू लागली. ती सरकली. हे ती आजही स्वतःला माफ करत नाही.

म्हणून माझा प्रश्न मृत्यूपेक्षा त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. कायद्याने कळवायचे कोणी होते?

सातरस्ता_वकील

आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल मनापासून वाईट वाटते. मी सोलापूरच्या न्यायालयात फौजदारी कामे चालवतो, म्हणून जे नक्की माहीत आहे तेवढेच लिहितो.

अटकेची बातमी घरी देण्याबाबत आपल्याकडे कायदा बराच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात ज्या सूचना दिल्या, त्यांत अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे, तो नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर विधी सेवा संस्थेमार्फत आणि त्या भागातील पोलीस ठाण्यामार्फत आठ ते बारा तासांत निरोप पोचवावा, आणि कोठडीतील माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सांगितले आहे. पुढे हे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५०-अ म्हणून आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४८ आहे. कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातील वहीत करावी लागते, आणि ती झाली आहे की नाही याची खात्री दंडाधिकाऱ्याने करून घ्यायची असते.

मृत्यूबाबतही तरतूद आहे. पोलीस कोठडीत किंवा न्यायालयाच्या आदेशाने असलेल्या कोणत्याही कोठडीत माणूस दगावला, तर नव्या संहितेच्या कलम १९६ नुसार दंडाधिकाऱ्याची चौकशी होते. त्या चौकशीची माहिती नातेवाइकांना द्यायची असते आणि त्यांना तेथे हजर राहू द्यायचे असते. नातेवाईक म्हणजे आईवडील, मुले, भाऊ, बहीण आणि पती किंवा पत्नी. मात्र या पोटकलमाचे शब्द नीट वाचावेत: ‘शक्य असेल तेथे’ आणि ‘ज्यांची नावे व पत्ते माहीत आहेत’ अशा नातेवाइकांना. त्याच वेळी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने डिसेंबर १९९३ पासून सर्व जिल्ह्यांना सांगितलेले आहे की कोठडीतील प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत आयोगाला कळवावा. म्हणजे दिल्लीला कळवायला तासांची मुदत आहे आणि कुंभारीला कळवायला ‘शक्य असेल तेथे’. हा खोचकपणा वाटेल, पण पंचवीस वर्षे वकिली करून माझे हेच मत झाले आहे.

आता आपला खरा प्रश्न. अटक आणि मृत्यू यांच्या मध्ये जे आजारपण येते, त्याबद्दल घरी कळवण्याचे वेगळे कलम संहितेत नाही. कलम ५६ म्हणते की आरोपी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यावी. काळजी घ्यावी असे आहे, कळवावे असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांमध्ये ही उणीव नाही. तेथे ६९ वा नियम मृत्यू तर तात्काळ कळवायला सांगतोच, शिवाय गंभीर आजार, दुखापत आणि रुग्णालयात हलवणे हेही बंद्याने नेमलेल्या व्यक्तीला कळवायला सांगतो. न्यायालयात त्या नियमांचा आधार घेता येतो, पण मुलाखतीच्या खिडकीवर ते कोणी ऐकून घेणार नाही.

तरीही दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे ज्या न्यायालयात प्रकरण आहे तेथेच अर्ज करणे. बंदी त्या न्यायालयाच्या वॉरंटवर आत असतो, त्यामुळे अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल मागवण्याचा आदेश तेथून निघू शकतो. माझ्या अनुभवात हीच सर्वांत जलद वाट आहे. दुसरी म्हणजे माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याचे कलम ७(१) सांगते की माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी. उत्तर वेळेत येईलच असे नाही, परंतु शिक्का मारलेली पोच आपल्या हातात राहते. आणि वकिलाच्या खर्चाला कोणी घाबरू नये. कोठडीतील व्यक्तीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

निवृत्त_अंमलदार

मी ठाणे अंमलदार म्हणून अनेक वर्षे काम केले. असे निरोप मी स्वतः घेतले आणि पोचवलेही आहेत. तुमच्या त्या शिपायाच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो आहे, म्हणून लिहितो.

संदेश येतो तो अपुराच येतो. कारागृह जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवते, तेथून हद्दीतील ठाण्याला, ठाण्यातून बीटच्या शिपायाला. प्रत्येक टप्प्यावर एकेक तपशील गळतो आणि शेवटी उरते ते ‘कळवून अहवाल सादर करावा’. मग शिपायाच्या दृष्टीने काम संपते ते अहवालापाशी. शेजाऱ्याला सांगितले, घराला कुलूप होते म्हणून दारावर समजपत्र चिकटवले, तरी अहवाल जातोच. माझ्या हातूनही तसे एकदोनदा झालेले आहे.

पत्त्याचे म्हणाल, तर अटकेच्या वेळी जो पत्ता लिहिला जातो तोच वॉरंटवर जातो आणि तोच कारागृहाच्या नोंदवहीत जातो. आधार कार्डावरचा पत्ता जुना, खोली भाड्याची, दर अकरा महिन्यांनी बदललेली. आपल्या पूर्व भागात तर घर क्रमांक एकच आणि त्यात सात बिऱ्हाडे. मोबाइल क्रमांक लिहिलेला असतो तो बहुधा आरोपीचाच, आणि तो मोबाइल मुद्देमालात जमा असतो! हसू येईल, पण त्या क्रमांकावर फोन लावून ‘संपर्क होऊ शकला नाही’ असे लिहिलेले मी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट. मृत्यू झालेला असताना ‘तब्येत सिरीयस आहे, ताबडतोब निघा’ असे सांगण्याची आमच्यात पद्धत होती. आम्हाला ते दयेचे वाटायचे. पण माणसे जीव मुठीत धरून, उसने पैसे घेऊन, देवाला नवस बोलत प्रवास करायची आणि शवागृहाच्या दारात त्यांना कळायचे. तिथून पुढे ती आमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नसत, आणि ते बरोबरच होते.

घरकुल_वॉर्ड

अंमलदार काका, तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत म्हणून विचारते. आमच्या शेजारच्या मावशींकडून रुग्णालयात एका कागदावर अंगठा घेतला होता. मावशींना तेलुगूशिवाय काही येत नाही. घरी आल्यावर आम्ही वाचले, तर त्यात ‘मृत्यूबाबत आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे वाक्य होते. मृतदेह ताब्यात घ्यायचा असेल तर असा कागद द्यावाच लागतो का?

निवृत्त_अंमलदार

नाही, ताई. मृतदेह ताब्यात मिळाल्याची पावती वेगळी आणि तक्रार नसल्याचा जबाब वेगळा. पावती द्यावी लागते, जबाब देणे आपल्या इच्छेवर आहे. दोन्ही एकाच कागदावर असतील, तर जबाबाचे वाक्य खोडून त्याशेजारी सही करावी, किंवा ‘मजकूर वाचून दाखवलेला नाही’ असे लिहून मगच अंगठा द्यावा. तेलुगू आणि कन्नड जाणणारा शिपाई सोलापुरातल्या बहुतेक ठाण्यांत सापडतो. मागितला तर मिळतो.

रात्रपाळी

मी शासकीय रुग्णालयात काम केलेली डॉक्टर आहे. कोणते रुग्णालय, ते महत्त्वाचे नाही, कारण जे सांगते आहे ते मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे.

सर्वसाधारण रुग्ण दाखल होतो तेव्हा केसपेपरवर नातेवाइकाचे नाव आणि फोन लिहिला जातो. प्रकृती बिघडली की परिचारिका त्या क्रमांकावर फोन करते. शस्त्रक्रियेची संमती त्याच व्यक्तीकडून घेतली जाते आणि रक्त आणायलाही तीच जाते. कारागृहातून आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर त्याच रकान्यात सोबत आलेल्या शिपायाचा बक्कल नंबर असतो. पाळी बदलली की नवा शिपाई येतो आणि रकान्यातला नंबर जुनाच राहतो. आम्ही डॉक्टरही त्याला ‘नातेवाईक कोण?’ असे विचारायचे सोडून देतो, कारण त्याच्या आईचा फोन क्रमांक मागणे हे आपले काम आहे असे कोणी शिकवलेले नसते. एकदा एका पन्नाशीच्या बंद्याने मला हळूच विचारले होते, ‘मॅडम, घरी माहीत आहे का?’ मी सोबतच्या शिपायाकडे पाहिले, त्याने खिडकीकडे पाहिले.

नातेवाइकांना वेळेत कळण्याचा संबंध उपचाराशीही आहे, हे येथे कोणी लिहिलेले नाही. रुग्णाला आधी फेफरे येत होते का, कोणती गोळी बाधते, साखरेचे औषध कोणते चालू होते, घरात कोणाला क्षयरोग होता का, हे सगळे घरच्यांना ठाऊक असते. बेशुद्ध रुग्णाची ही माहिती बक्कल नंबरकडून मिळत नाही.

शवविच्छेदनाबद्दल थोडक्यात सांगते. कोठडीतील मृत्यूचे शवविच्छेदन चित्रित करावे, असे मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्येच सर्व राज्यांना कळवले होते. त्या चित्रीकरणाची आणि अहवालाची प्रत मागण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

चार_पुतळा

दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. बंदी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात आहे हे बाहेर कळले, तर पळून जाण्याचा किंवा हल्ल्याचा धोका असतो. टोळीतल्या भांडणात असे प्रकार होतात. प्रत्येक तापाची वर्दी घरी द्यायची म्हटली, तर कारागृहातील कर्मचाऱ्यांना दुसरे काम उरणार नाही. शिवाय काही बंद्यांना स्वतःलाच घरी कळू नये असे वाटते.

रात्रपाळी

तापाबद्दल कोणी बोलत नाही. बंद्याला कारागृहाबाहेरच्या रुग्णालयात दाखल केले, ही रेषा पुरेशी स्पष्ट आहे. वॉर्ड सांगू नका, पण ‘तो दाखल आहे, प्रकृती अशी आहे, माहितीसाठी या अधिकाऱ्याला फोन करा’ एवढे सांगण्याने कोणी पळून जात नाही.

सातरस्ता_वकील

चार_पुतळा यांचा शेवटचा मुद्दा मात्र योग्य आहे. मंडेला नियमांतही बंद्याने घरच्यांना कळवू नका असे स्पष्ट सांगितले असेल, तर त्याचा मान राखावा असे आहे. पण त्यासाठी त्याला आधी विचारावे लागते.

मंगळवेढेकर

आम्ही काही जण जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांवर जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला गेला, तरी चोरी झाली की पहिली गाडी अजून पालावरच येते. त्यामुळे या विषयाशी आमचा संबंध नेहमीचा आहे.

येथे पत्ता चुकीचा असणे हा प्रश्नच नाही, पत्ताच नसतो. ‘राहणार मंगळवेढा शिवार’ असे वॉरंटवर लिहिलेले असते. ऊसतोडीच्या हंगामात ते शिवारही रिकामे असते. एका म्हातारीला मुलाच्या मृत्यूची बातमी कारखान्याच्या गाडीतळावर चिठ्ठी बॉयने सांगितली, तीही तीन दिवसांनी. तोवर मृतदेह शवागृहातच होता.

तेव्हापासून आम्ही एक साधी गोष्ट करतो. कोणीही आत गेला, की पहिल्या मुलाखतीच्या वेळी घरच्यांकडून कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज देतो. त्यात तीन फोन क्रमांक असतात: एक घरातला, एक गावात कायम राहणाऱ्या माणसाचा (किराणा दुकानदार किंवा शाळेतले गुरुजी चालतात, सहसा नाही म्हणत नाहीत) आणि एक वकिलाचा. घरी कोणती भाषा बोलतात, हे लिहितो. त्याला पूर्वीपासून कोणते आजार आहेत आणि कोणती औषधे चालू आहेत, हेही लिहितो. एक प्रत विधी सेवा प्राधिकरणाला, एक न्यायालयात वकिलामार्फत, आणि एका प्रतीवर पोच. राहते ठिकाण बदलले की नवा अर्ज. अर्ज दिला म्हणून फोन येतोच असे नाही, पण नंतर ‘पत्ता माहीत नव्हता’ हे वाक्य कोणाला लिहिता येत नाही, आणि कलम १९६ मधली ‘ज्यांची नावे व पत्ते माहीत आहेत’ ही पळवाट त्या पोचेने बुजते.

सातरस्ता_वकील

हा अर्ज मी उद्यापासून माझ्या पक्षकारांकडून घेईन. पत्त्याअभावी काय होते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात आहे. २०१२ ते २०१५ या काळात कारागृहांत अनैसर्गिक मृत्यू झालेल्या बंद्यांचे वारस शोधून त्यांना भरपाई द्यावी, यासाठी उच्च न्यायालयांनी स्वतःहून याचिका नोंदवाव्यात असे तेव्हा सांगावे लागले.

भरपाईचे निघालेच आहे म्हणून लिहितो. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये जे धोरण मंजूर केले, त्यात कामाच्या वेळचा अपघात, कर्मचाऱ्यांची मारहाण, बंद्यांमधील हाणामारी किंवा वैद्यकीय दुर्लक्ष यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये आणि आत्महत्येच्या प्रकरणात १ लाख रुपये आहेत. आजाराने नैसर्गिक मृत्यू असेल तर काही नाही. म्हणूनच आजार केव्हा सुरू झाला आणि केव्हा त्याकडे पाहिले गेले, या दोन तारखांवर सगळे अवलंबून असते.

यंत्रमागवाला, या तारखा एका ठिकाणी लिहिलेल्या असतात. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम १५ वाचा. बंदी दगावला की वैद्यकीय अधिकाऱ्याने ताबडतोब नोंदवहीत लिहायचे असते: त्याने आजाराची पहिली तक्रार कोणत्या दिवशी केली, त्या दिवशी त्याला कोणते काम दिले होते, आहार किती होता, रुग्णालयात केव्हा दाखल केले, वैद्यकीय अधिकाऱ्याला आजार प्रथम केव्हा कळला, आजार कोणता, मृत्यूपूर्वी डॉक्टरांनी त्याला शेवटचे केव्हा पाहिले आणि मृत्यू केव्हा झाला. इंग्रजांच्या काळचा कायदा आहे, पण प्रश्न नेमके विचारतो. दंडाधिकाऱ्यांपुढे सासूबाईंच्या नावाने अर्ज देऊन त्या पानाची प्रत मागा. चौकशीत काही हाती लागले नाही, तर पुढची याचिका आता मुंबईला नेण्याची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची कामे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत.

यंत्रमागवाला

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण हातात काही येईपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज दिला. पहिल्या तारखेला ‘अहवाल प्रलंबित’ असे उत्तर आले, दुसऱ्या तारखेला दंडाधिकारी साहेबांनी नोंदवही मागवली. तिसऱ्या तारखेला सासूबाईंना बसायला खुर्ची दिली गेली आणि शेजारी तेलुगू सांगणारा एक कर्मचारी उभा केला. पानाची प्रत मिळाली आहे. अक्षर स्वच्छ आहे.

आजाराची पहिली तक्रार: मृत्यूच्या अकरा दिवस आधी, पोटदुखी व ताप. त्या दिवशीचे काम: न्यायाधीन बंदी, काम नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यास प्रथम माहिती: त्यानंतर चौथ्या दिवशी. रुग्णालयात दाखल: सोमवार.

पत्नी मुलाखतीच्या खिडकीवर गेली होती तो मंगळवार होता. तेव्हा तो कारागृहाच्या आत नव्हताच. ती बसस्थानकाकडे परत चालत गेली, तो रस्ता त्या रुग्णालयाच्या फाटकावरून जातो.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. मंगळवेढेकरांच्या अर्जाचा नमुना मिळाला तर मी त्याचे तेलुगू करून देईन. आमच्या घरकुलात चार घरांना आत्ताच हवा आहे.

मंगळवेढेकर

नमुना आज रात्री टाकतो. कन्नड कोणी करून देईल का? अक्कलकोटच्या दोन घरांना लागणार आहे.